वॉलआय वर बघतो: एरी सरोवरात स्पून ओढण्याविषयी

एरीकाठचा | ९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

जून संपत आला की दरवर्षी मला तीन-चार जणांचे निरोप येतात. अमेरिकेतल्या एरी सरोवरात वॉलआय माशासाठी स्पून, म्हणजे चमच्यासारखं पत्र्याचं आमिष, कसे ओढायचे, कोणता रंग घ्यायचा? प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा यंदा धागाच काढतोय. रंगाचं शेवटी सांगेन, त्याला कारण आहे.

मी मूळचा मालवणचा. लहानपणी आजोबांबरोबर खडपावर बसून गरवायचो. तंगूस बोटावर घ्यायचा आणि गप्प बसायचं, मासा टोचायला लागला की बोटाला कळतं. ओहायोत आलो तेव्हा सरोवर म्हणजे मोठं तळं असेल अशीच समजूत होती. फेअरपोर्ट हार्बरच्या धक्क्यावर पहिल्यांदा उभा राहिलो तर पलीकडचा काठच दिसेना. लांबी ३८८ किलोमीटर, रुंदी कुठे कुठे ९२ किलोमीटर. एवढ्या पाण्यात एका जागी गरी टाकून बसलं तर अख्खा उन्हाळा वाट बघण्यात जायचा. म्हणून इथे आमिष माशाच्या दारी न्यावं लागतं. बोट मंद चालत ठेवायची आणि मागे आमिष ओढत राहायचं, हेच ट्रोलिंग.

आधी मासा समजून घ्या. वॉलआय पर्चच्या कुळातला. त्याच्या डोळ्यात मांजरासारखा, उजेड परतवणारा थर असतो, रात्री बॅटरीचा झोत पडला की डोळे लकाकतात. त्यामुळे अंधुक उजेडात किंवा गढूळ पाण्यात तो ज्यांना खातो त्यांच्यापेक्षा त्याला चांगलं दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये सरोवराच्या पश्चिम टोकाच्या खडकाळ रीफवर आणि मॉमी, सँडस्की या नद्यांत अंडी घालतो. पश्चिमेचं पाणी उथळ, सरासरी साडेसात मीटर. ते तापायला लागलं की मोठे मासे, त्यातही माद्या, पूर्वेची वाट धरतात. लोरेन, क्लीव्हलंड, फेअरपोर्ट, जिनीव्हा, अ‍ॅश्टाब्युला असं करत जुलै-ऑगस्टमध्ये ते आमच्या बाजूला आलेले असतात. पण तळाला नसतात. ७० फूट पाणी असेल तर ३० ते ४५ फुटांवर अधांतरी, स्मेल्ट आणि शायनर या छोट्या माशांच्या थव्यांच्या मागे. या अधांतरी माशाला स्पूनने गाठायचं.

एरीवरचा स्पून आपल्या पोह्यांच्या चमच्याच्या खोलगट भागाएवढा असतो, जेमतेम सव्वादोन इंच. पत्रा इतका पातळ की दोन बोटांत दाबला तर वाकेल. फेकून ओढायचे स्पून जाड आणि जड असतात, हा फेकताच येत नाही. त्याला ओढलं की तो डाव्या-उजव्या अंगावर फडफडतो आणि घाबरलेल्या छोट्या माशासारखा चमकतो. जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि त्यावर माशाने झडप घातली, त्यावरून ज्युलिओ ब्यूएल या अमेरिकी माणसाला ही कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. पेटंट मात्र खरंच आहे, १८५२ चं.

इतका हलका पत्रा आपोआप ४० फूट खाली जात नाही. त्याला खाली नेणारं काहीतरी पुढे लागतं. मी डिप्सी डायव्हर वापरतो. ही बशीसारखी प्लॅस्टिकची चकती, एका बाजूला शिसं बसवलेलं. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने चकती खाली घुसते. खालची तबकडी फिरवून तिला डावीकडे किंवा उजवीकडे काढता येतं. त्यावर ०, १, २, ३ असे आकडे असतात. शून्यावर ती सरळ खाली जाते, तीनवर बाजूला सर्वांत लांब जाते आणि तेवढीच दोरी सोडूनही कमी खोल राहते. चकतीच्या मागे सहा ते आठ फूट फ्लुओरोकार्बन (पाण्यात सहसा न दिसणारा तंगूस), मग बॉल-बेअरिंगचं स्विव्हल (फिरती कडी), मग स्पून. स्विव्हलवर पैसे वाचवू नका, स्वस्तातलं फिरत नाही आणि तासाभरात सगळ्या तंगुसाला पीळ बसतो.

आता मला जे सांगायचंय ते.

पहिले तीन उन्हाळे मी माशांच्या खालून स्पून ओढत होतो. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे ४२ फुटांवर दिसले की मी हिशेब करून स्पून ४५ वर न्यायचो. म्हटलं, अगदी तोंडाशी जाऊ दे. दिवसभरात दोन मासे, कधी तीन. चौथ्या वर्षी एका काठीवरच सगळे मासे लागायला लागले. डावीकडची बाहेरची काठी. तोच स्पून, तोच रंग उजवीकडेही होता, पण उजवी काठी मुकी. मी डाव्या स्पूनला नशिबाचा म्हणत महिनाभर जपला. ऑगस्टमध्ये दोरी बदलताना अंगणात टेपने मोजली तेव्हा कळलं की डाव्या रिळाचा आकडा चुकत होता. काउंटरवर १२० दिसायचं तेव्हा प्रत्यक्षात दोरी सुटलेली असायची ८५ फूट. म्हणजे तो स्पून माझ्या हिशेबापेक्षा दहा-बारा फूट वर धावत होता, आणि मासे वर येऊन घेत होते.

वॉलआयचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला बसलेले आहेत. एखादा पकडून समोरून नीट बघा. खालचं त्याला फारसं दिसत नाही. डोक्यावरून जाणाऱ्या गोष्टीसाठी तो पाच, दहा, कधी पंधरा फूटही उठतो. खालून जाणाऱ्यासाठी खाली वाकत नाही. त्या दिवसापासून मी स्पून माशांच्या वर ठेवतो आणि चूक करायचीच तर वरच्या बाजूला करतो.

दुसरी गोष्ट वेगाची. स्पूनसाठी मी ताशी २ ते २.६ मैल धरतो, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. पण जीपीएसचा आकडा जमिनीच्या हिशेबाने असतो आणि स्पूनला फक्त पाणी कळतं. एकदा जिनीव्हासमोर पूर्वेकडे जाताना धडाधड सहा मासे लागले. वळून त्याच रेषेवर, त्याच २.३ वेगाने पश्चिमेला परत आलो तर चाळीस मिनिटं शुकशुकाट. पुन्हा पूर्वेला वळलो, पुन्हा मासे. मला वाटलं मासे पूर्वेकडे तोंड करून आहेत. मग काठ्यांकडे नीट बघितलं. पश्चिमेला जाताना काठ्या जास्त वाकत होत्या, दोरी पाण्यात जास्त तिरकी पडत होती. खालून प्रवाह पूर्वेकडे वाहत होता. पूर्वेला जाताना आम्ही पाण्याबरोबर होतो, म्हणजे स्पूनला खरा वेग २.३ पेक्षा कमी मिळत होता. परतताना प्रवाहाविरुद्ध, तिथे तो जास्त वेगाने भिरभिरत होता. पश्चिमेला वेग १.८ वर आणला आणि दहा मिनिटांत काठी वाकली. तेव्हापासून मी आकड्यापेक्षा काठीच्या वाकण्याकडे आणि दोरीच्या कोनाकडे बघतो.

बोट सरळ रेषेत चालवू नका, नागमोडी चालवा. वळताना आतल्या बाजूचे स्पून मंदावतात आणि थोडे खाली बसतात, बाहेरचे पळतात आणि वर येतात. दर वेळी आतलीच काठी वाकत असेल तर वेग कमी करा, बाहेरची वाकत असेल तर वाढवा. मासा स्वतःच सांगतोय, त्याचं ऐकायचं.

आणि आता रंग. माझ्या डब्यात साठ-सत्तर स्पून आहेत. तांब्याच्या पाठीचे, जांभळे, हिरवे, मंकी प्यूक, अँटीफ्रीझ, वंडरब्रेड अशी इथल्या दुकानांतली नावं. रंगाने फरक पडतो, नाही असं नाही. ढगाळ सकाळी आणि गढूळ पाण्यात तांब्याची पाठ, चढत्या उन्हात चांदीची, हा माझा अनुभव. पण योग्य खोलीवर चुकीचा रंग मासा देतो आणि चुकीच्या खोलीवर योग्य रंग काहीच देत नाही. म्हणून आधी खोली, मग वेग, मग रंग. तास-दीड तास मासा नाही की लोक डबा उघडून स्पून बदलत बसतात. त्याऐवजी दहा फूट दोरी आत घ्या.

प्रश्न विचारा, सवडीने उत्तर देतो.

---

उजनीचा_पोरगा | १० जुलै, सकाळी

दादा, एका दमात वाचलं. आमच्याकडे उजनीत जाळी आणि गळ दोन्ही चालतं, पण चालत्या होडीमागे ओढायचं तंत्र कुणी करताना पाहिलं नाही. एक शंका. सोनारवर मासे दिसले नाहीत तर पुढे निघून जायचं का?

---

एरीकाठचा

लगेच नको. सोनारचा झोत वरून खाली शंकूसारखा पसरतो. वरच्या १५ फुटांत तो इतका अरुंद असतो की तिथले मासे दिसतच नाहीत. शिवाय वरचे मासे बोटीच्या आवाजाने बाजूला सरकतात. म्हणूनच डिप्सी तीनवर लावून बाहेर काढायची किंवा प्लेनर बोर्ड, म्हणजे दोरीला बोटीपासून बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळ्या, वापरायचे, म्हणजे स्पून बोटीपासून शंभर फूट बाजूने, न बुजलेल्या माशांतून जातो. स्क्रीन रिकामी आणि बोर्डाच्या काठ्या भरलेल्या, असं जूनमध्ये कित्येकदा झालंय. मासे दिसले नाहीत तरी छोट्या माशांचे थवे दिसतायत का ते बघ. स्मेल्टचा ढग दिसला की मी तिथून हलत नाही.

---

देवगडकर_मिशिगन | १० जुलै

लेख मनापासून आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. मी सॅगिनॉ बेवर जातो, ह्युरॉन सरोवराचा उथळ फाटा. तिथे मी बारा वर्षं गांडुळाचा हार्नेस ओढतोय. दोन गळ, पुढे कोलोरॅडो पातं आणि मणी, गळांवर अख्खं जिवंत गांडूळ. वेग १ ते १.३. वास असलेल्या आमिषापुढे पत्र्याचा तुकडा मला कधीच पटला नाही. आणि आमच्याकडे २००३ च्या सुमारास ह्युरॉनमधला एलवाइफ मासा कोसळल्यानंतर वॉलआय एवढे वाढले की हार्नेसलाच भरपूर मिळतात.

---

एरीकाठचा

देवगडकर, मे-जूनमध्ये, पाणी गार आणि मासे उथळात असताना मीही हार्नेसच ओढतो. त्या दिवसांत स्पून हरतो, मान्य. पण जुलैच्या मध्यापासून गणित बदलतं. एक म्हणजे १.२ वेगाने तासात जेवढं पाणी पालथं घालता त्याच्या दुप्पट मी २.४ ने घालतो, आणि आमच्याकडे मासे मैलोन् मैल पांगलेले असतात. दुसरं, उन्हाळ्यात गांडुळावर पांढरा पर्च आणि शीप्सहेड हे दुसरे मासे तुटून पडतात. दर पाच मिनिटांनी काठी काढून अर्धं गांडूळ बदलायचं. स्पूनवरही लागतात, पण फार कमी. सॅगिनॉसारख्या दहा-पंधरा फूट पाण्यात मी असतो तर कदाचित मीही हार्नेस सोडला नसता.

---

देवगडकर_मिशिगन

पांगलेल्या माशांचा मुद्दा पटला. शीप्सहेडचं तर बोलूच नका, मागच्या शनिवारी चार डझन गांडुळं त्यांनीच संपवली. ऑगस्टमध्ये बेच्या बाहेर खोल पाण्यात दोन काठ्यांवर स्पून लावून बघतो. मिशिगनमध्ये माणशी तीन काठ्या चालतात, एकीवर हार्नेस ठेवीनच.

---

दहा_हजार_तळी | १० जुलै, दुपारी

तुमच्या काठ्यांची चैन वाचून हेवा वाटला. मिनेसोटात मोकळ्या पाण्यात माणशी एकच काठी. १९६५ पासून वॉलआय हा आमच्या राज्याचा मासा, त्यामुळे नियमांबाबत इथे सगळेच कडक. मी मिल लॅक्सवर जातो. ते तळं मोठं असलं तरी सर्वांत खोल जागा ४२ फुटांची, म्हणजे तुमचे मासे जिथे अधांतरी असतात तिथे आमचा तळ येतो. आम्ही स्लिप बॉबरखाली (दोरीवर सरकणारा तरंगता गोळा) जळू लावतो आणि चिखलाच्या कडेला थांबतो.

एकच काठी असल्यामुळे तुमची वळणाची युक्ती मला कशी वापरता येईल?

---

एरीकाठचा

एका काठीने उलट सोपं. वळताना तीच काठी एकदा आतली होते, एकदा बाहेरची. कुठल्या वळणावर झटका आला एवढं लक्षात ठेवायचं. सरळ जाताना मधूनच दोन सेकंद काठी पुढे ओढून मागे सोडायची, स्पून पळतो आणि मग हळूच खाली पडतो. मागून नुसता येणारा मासा पडताना घेतो. बायको बरोबर असेल तर दोन काठ्या झाल्याच की.

---

सुगरण_टोलेडो | ११ जुलै

दादा, मला मासेमारीतलं कळत नाही, पण शेजारी उन्हाळाभर वॉलआयची फिले आणून देतात. माझे दोन प्रश्न. एक, या माशाला आपल्याकडचं कोणतं वाटण चांगलं? मी एकदा तिरफळ घालून आमटी केली तर मासा विरघळूनच गेला. दुसरा प्रश्न जरा काळजीचा. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडोला नळाचं पाणी तीन दिवस प्यायचं नव्हतं, तेव्हा आम्ही इथेच होतो, मुलगी दीड वर्षाची होती. बाटल्यांसाठी तासभर गाडी चालवून गेलो होतो. त्याच पाण्यातला मासा मुलांना द्यावा का?

---

एरीकाठचा

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो.

तेव्हाचं संकट शेवाळाच्या विषाचं होतं. मॉमीतून शेतातलं फॉस्फरस येतं आणि उन्हाळ्यात पश्चिमेच्या उथळ पाण्यात हिरवा थर माजतो. तो थर दिसतो तिथे मी मासे पकडत नाही आणि कुणी पकडलेले घेऊही नये. स्वच्छ पाण्यातला मासा असेल तर कातडी, पोटाकडची चरबी आणि आतडी काढून, फिले स्वच्छ पाण्यात धुऊन मग वापरायचे.

पाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि जुना आहे. १९७० मध्ये पाऱ्यामुळे एरीवरची वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली होती. तेव्हा लोक या सरोवराला मेलेलं म्हणायचे. १९७२ मध्ये अमेरिका-कॅनडाचा पाण्याच्या शुद्धतेचा करार झाला, सांडपाण्यातलं फॉस्फरस कमी केलं गेलं, आणि मासा परत आला. वॉलआयचाच भाऊबंद ब्लू पाइक मात्र आला नाही, तो कायमचा गेला. माझ्या धक्क्यावरचे म्हातारे गृहस्थ अजून त्याची चव सांगतात आणि सांगताना थांबतात.

पारा मोठ्या, वयस्क माशात जास्त साठतो. म्हणून आमच्या घरी १७-१८ इंची मासे येतात आणि मोठ्या माद्या पाण्यात परत जातात. ओहायोच्या आरोग्य खात्याचं दरवर्षीचं सल्लापत्रक असतं, कोणता मासा किती वेळा खावा ते त्यात लिहिलेलं असतं. मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी तेच प्रमाण मानायचं. आम्ही आठवड्याला एकदाच करतो.

आता वाटण. वॉलआयला तेल जवळजवळ नाहीच, बांगड्यासारखा तो आमटीत टिकणार नाही. हळद, तिखट, आगळ आणि थोडी लसूण लावून पंधरा मिनिटं ठेवा, जास्त नाही. मग तांदळाचं पीठ आणि रवा लावून, तवा चांगला तापल्यावर शॅलो फ्राय. एका बाजूला तीन मिनिटं. आमटी करायचीच असेल तर नारळाच्या वाटणाला आधी उकळी आणा, गॅस बंद करा आणि मगच तुकडे सोडून झाकण ठेवा. तिरफळ घाला की, चांगलं लागतं. आणि शेजाऱ्यांना गाल मागा! डोक्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढे मांसाचे गोळे असतात, बरेच लोक डोक्याबरोबर फेकून देतात. ते लोणीदार लागतात. आमच्या घरी त्यावरून मुलांची भांडणं होतात.

---

सुगरण_टोलेडो

गॅस बंद करून तुकडे सोडायचे, हे कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी करते. गालांचं ऐकून शेजारी म्हणाले, पुढच्या वेळी डोकीच आणून देतो.

---

विनिपेगवासी | ११ जुलै

मॅनिटोबात याला पिकरेल म्हणतात, दुकानात वॉलआय मागितला की लोक दोन सेकंद विचार करतात. विनिपेग सरोवर एरीएवढंच अवाढव्य, पण सरासरी खोली १२ मीटर, आणि पाणी गढूळ. आमचा वॉलआय हिरव्या-सोनेरी पाठीचा, ग्रीनबॅक.

आमच्याकडे टोकाजवळचा उलटा काटा नसलेला गळ बंधनकारक आहे. स्पूनच्या तिहेरी गळाचे काटे मी पक्कडीने दाबून टाकतो. सुरुवातीला वाटायचं मासे सुटतील. दोरी ताणलेली ठेवली तर सुटत नाहीत, आणि सोडायचा मासा हाताला न लागता सुटतो. एरीवर बंधन नसलं तरी करून बघा.

---

एरीकाठचा

हे मी आधीच करायला हवं होतं. मुलाच्या अंगठ्यात तिहेरी गळ रुतला होता, काटा आत असल्यामुळे दवाखान्यात जावं लागलं. तेव्हापासून आमच्या बोटीवर सगळे काटे दाबलेले.

सोडण्यावरून आठवलं. ऑगस्टमध्ये ४५ फुटांवरच्या गार पाण्यातून मासा ७६ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात वर ओढला की तो सोडला तरी अनेकदा जगत नाही. "मोठे ठेवू, मध्यम सोडू" असं त्या दिवसांत करत बसू नका. ओहायोत किमान १५ इंच आणि माणशी ६ मासे. मापात बसणारे पहिले सहा ठेवा आणि घरी या. मोठी मादी लागलीच तर फोटोच्या आधी तिला पाण्यात पोचवा.

---

नवा_गरवणारा | १२ जुलै

काका, मी क्लीव्हलंडला नोकरीसाठी आलोय, ऑफिसातल्या एकाची १७ फुटी बोट आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघं जिनीव्हाला जायचं म्हणतोय. डिप्सीचे आकडे अजून नीट बसले नाहीत डोक्यात. चार काठ्या लावल्या तर कोणती कशावर? आणि किती दोरी?

---

एरीकाठचा

आकड्यांच्या आधी बोट. १७ फुटी बोट आणि एरी हे हवामान बघूनच जमतं. उथळ असल्यामुळे या सरोवराच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात, एकीतून बोट बाहेर येते तोवर दुसरी समोर. आणि वारा चढला की अर्ध्या तासात पाणी बदलतं. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटला तर पाणीच पूर्वेला बफेलोकडे लोटलं जातं, टोलेडोच्या बाजूला ओसरतं, दोन टोकांच्या पातळीत सात-आठ फुटांचा फरक पडलेला आहे. लाटांचा अंदाज दोन फुटांच्या वर असेल तर किनाऱ्यावर राहा. लाइफ जॅकेट घातलेलं हवं, सीटखाली ठेवलेलं नको. रेडिओ चालू आहे का ते धक्क्यावरच तपास. आमचे आजोबा मतलई वाऱ्यावर जायचे आणि खारा सुटायच्या आत परत यायचे, तेच इथेही धर. पहाटे निघ, अकराला धक्क्यावर.

आता काठ्या. प्रत्येक बाजूला दोन. बाहेरची डिप्सी तीनवर, आतली एकवर. दोरी सोडताना आधी बाहेरची सोड, मग आतली, नाहीतर गुंता ठरलेला. तीनवर साधारण तिसरा हिस्सा खोली मिळते, म्हणजे १०० फूट दोरीला तीसेक फूट. एकवर त्यापेक्षा खोल जाते. हे ढोबळ आहे, दोरीच्या जाडीने आणि वेगाने बदलतं. म्हणून चारही काठ्या वेगवेगळ्या सोड. बाहेरच्या ८५ आणि १००, आतल्या ६० आणि ७५. मासा लागला की जाळ्यात घ्यायच्या आधी आकडा मोठ्याने म्हण, सोबत्याला वहीत लिहायला सांग. दुसरा त्याच आकड्यावर लागला की बाकीच्या काठ्या तिकडे आण.

अजून एक. सरोवराच्या मधल्या भागात ऑगस्ट-सप्टेंबरात तळाच्या गार थरातला प्राणवायू संपतो. त्याच्या खाली मासा नसतोच. सोनारवर आडवी धुरकट पट्टी दिसते, तो तापमानाचा सांधा. स्पून त्याच्या वर.

---

देवगडकर_मिशिगन

पाण्यातल्या पिसवांचं सांगा त्याला. काटेरी शेपटीचे ते बारीक जीव दोरीला चिकटून कापसासारखा गोळा होतो, काठीच्या कडीतून दोरी आत येत नाही. मागच्या वर्षी मासा हाताशी येऊन त्यामुळे गेला.

---

एरीकाठचा

बरोबर. दर वीस मिनिटांनी दोरी बघायची, गोळा दिसला की बोटांनी निपटायचा. पातळ दोरीवर जास्त चिकटतात.

---

नवा_गरवणारा | १३ जुलै

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न. मासा लागला हे कळतं कसं? चकतीच्या ओढीने काठी आधीच वाकलेली असणार ना?

---

एरीकाठचा

हा प्रश्न छान विचारलास, कुणी विचारत नाही.

डिप्सीची काठी धनुष्यासारखी वाकलेली असते आणि टोक सतत थरथरतं. चकती पाणी कापत असते त्याची ती थरथर. पाच मिनिटं नुसता बघत राहा, तिची लय डोळ्यात बसते. मोठा मासा लागला की काही ओळखावं लागत नाही. काठी मागे खेचली जाते, मग चकतीची खिट्टी सुटते आणि टोक एकदम सैल होऊन वर येतं. तेव्हा घाबरून झटका मारू नकोस, बोट थांबवू नकोस, फक्त गुंडाळत राहा.

लहान माशाने मात्र खिट्टी सुटत नाही. काठी तशीच वाकलेली, पण थरथर जड होते. टोक नेहमीच्या लयीत हलायचं सोडून मधेच अडखळतं, जसं कुणी मागून दोरीला बोट लावतंय. तो मासा तसाच अर्धा तास मागे ओढला जातो, आणि तोवर तो स्पून निकामी. काठी अडखळली की काढून बघायची. दहातल्या सहा वेळा काही नसतं, तरी काढायची.

खिट्टीचा स्क्रू धक्क्यावरच जुळव. हाताने दोरी जोरात ओढलीस तर सुटावी, बोटीच्या नेहमीच्या वेगाला सुटू नये.

---

नवा_गरवणारा | शनिवार, सकाळी ६:५०

काका, जिनीव्हाच्या बाहेर आहोत, ६८ फूट पाणी. वारा अगदी मंद. चारही काठ्या सोडल्या. मोबाइलला रेंज आहे म्हणून लिहितोय. मासे ४४ वर दिसतायत, स्पून ३०-३५ वर धरलेत.

---

नवा_गरवणारा | सकाळी ७:३५

दोन लागले! दोन्ही डाव्या बाहेरच्या काठीवर, ८५ फूट. एक १९ इंच, दुसरा १७. दोन्ही वळणावर, आतल्या बाजूला असताना. वेग २.४ वरून २.१ केलाय. माझ्या हातात पहिला आला तेव्हा डोळे बघितले, खरंच वर बघतो.

---

एरीकाठचा | सकाळी ७:५२

शाब्बास! उजवी बाहेरचीही ८५ वर आण.

---

नवा_गरवणारा | सकाळी ८:२०

आणली. पण उजवी आतली काठी काहीतरी वेगळीच वाटतेय. वाकलेली आहे, पण टोक मधेच अडखळतं. सोबती म्हणतोय पिसवा असतील.

---

एरीकाठचा | सकाळी ८:२२

काढून बघ.

---

नवा_गरवणारा | सकाळी ८:३१

होता. आठ इंचाचा पांढरा पर्च. सोडला. स्पून धुऊन परत पाण्यात, या वेळी ६० ऐवजी ५० फूट.